रात्रपाळीनंतर ध्यानाचा तास: ताण कुणी कमी करायचा?

रात्रपाळी_सिस्टर
खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला 11 वर्षं काम करतेय. गेल्या महिन्यात नोटीस लागली: दर गुरुवारी ड्युटी संपल्यावर एक तास ‘माइंडफुलनेस’, म्हणजे श्वासाकडे-विचारांकडे बघत बसायचं ध्यान, हजेरी सक्तीची. नाइट करून, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन, सुजलेल्या पायांनी आम्ही सतरंजीवर बसलो. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या. म्हणाल्या, विचार येऊ द्या, जाऊ द्या. माझ्या डोक्यात एकच विचार होता. सात नंबरच्या आजोबांची सलाईनची बाटली पहाटे 40 मिनिटं रिकामी लटकत राहिली, कारण त्या रात्री 32 पेशंटना आम्ही दोघी होतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डातही पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. हा विचार मी का जाऊ द्यायचा? ध्यानाला माझा विरोध नाही. माणसं वाढवायची सोडून ते आमच्या पदरात टाकतात, त्याला आहे. तुम्हाला काय वाटतं?

पहाटेची_घंटा
सिस्टर, सक्ती चूकच. पण ध्यानाचं मोल त्यावरून ठरवू नका. माझा मुलगा अपघातात गेला. तिथे कुणाकडे जादा माणसं मागायची? सहा महिन्यांनी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात दहा दिवस बसलो. पहाटे चारला घंटा, दिवसभर मौन, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ठेवली होती, निघून जावं म्हणून. राहिलो. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायला लावतात. छातीवर धोंडा ठेवलाय असं वाटायचं, तो धोंडा क्षणाक्षणाला बदलतो हे तिथे बसून कळलं. दुःख गेलं नाही. पण रात्री दोनला उठून घरभर फिरत राहायचो, ते थांबलं. फी नव्हती, शेवटी ज्याला द्यावंसं वाटेल त्याने दान द्यायचं. 1994 साली तिहार तुरुंगात हजारावर कैदी असे बसले. त्यांची शिक्षा काही कमी झाली नव्हती. बाहेरचं बदलेपर्यंत माणसाने आतल्या आत जळत राहायचं का?

लाल_दिवा
दादा, तुमच्या दुःखापुढे हात जोडतो. पण मुलगा जाणं आणि सहा-सात जणींचं काम दोघींवर लादणं, ही दोन दुःखं एका तराजूत घालू नका. दुसरं रोज कुणीतरी सही करून घडवून आणतंय. तिहारचं उदाहरण मला उलटंच वाटतं. कैद्याला दार उघडता येत नाही, म्हणून तो आत बघतो. सिस्टरला दार आहे. तिला डोळे मिटायला सांगितलं की दाराकडे बघणारं कोण उरतं? मी कामगार संघटनेत आहे. पगारवाढ, भरती यांचा विषय निघाला की योगाची, ध्यानाची शिबिरं निघताना मी स्वतः पाहिली आहेत.

पहाटेची_घंटा
हे मान्य नाही. मुलाच्या अपघाताचा दावा मी शिबिराहून आल्यावरच चालवला. तीन वर्षं तारखांना उभा राहिलो. त्याआधी वकिलासमोर त्याचं नावसुद्धा घेता येत नव्हतं.

आकडे_बघा
थोडं अभ्यासांकडेही बघू. आज ऑफिसांत चालतं त्याचं मूळ 1979 सालात आहे. जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी. 2022 मध्ये अमेरिकेत चिंताविकाराच्या 276 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना हा कार्यक्रम, काहींना एसिटालोप्रॅम या चिंतेवरच्या औषधाच्या गोळ्या. दोन्ही गटांना जवळपास सारखाच उतार पडला. म्हणजे ध्यान थोतांड नाही. पण ती माणसं आठवड्याला अडीच तासांचा वर्ग करून शिवाय घरी रोज 45 मिनिटं बसायची. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 85 शाळांचा अभ्यास आला. तिथे वर्गात माइंडफुलनेस शिकवलेल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात इतरांपेक्षा काही सुधारणा दिसली नाही. बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. आता रात्रपाळीनंतरचा सक्तीचा एक तास यात कुठे बसतो, तुम्हीच बघा. त्या तासाला सिस्टरनी झोपायला हवं.

धाकटी_बहीण
एक कळकळीची विनंती. दहा दिवसांचं शिबिर सरसकट कुणालाही सुचवू नका. माझ्या भावावर मानसिक आजाराचे उपचार चालू होते. अर्जात त्याबद्दल विचारलेलं असतं, त्याने ‘नाही’ लिहिलं आणि गोळ्या मनानेच बंद केल्या. पाचव्या दिवशी झोप उडाली, कानात आवाज यायला लागले. घरी आणून दवाखान्यात भरती करावं लागलं. आता बरा आहे. डॉक्टरांना विचारून रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देतो, त्याहून जास्त नाही. अर्जात खरं लिहा, एवढंच.

रात्रपाळी_सिस्टर
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. ताई, भावाला जपा. काल आम्ही नऊजणींनी सह्या करून मेट्रनना पत्र दिलं. ध्यानाचा तास ड्युटीच्या वेळेत धरा, ज्यांना हवा त्यांनाच ठेवा, आणि रात्री वॉर्डला निदान तिसरी सिस्टर द्या. पत्र घेऊन जाताना हात कापत होते. लिफ्टपाशी थांबून दहा श्वास मोजले, मग आत गेले. लाल_दिवा, तेवढं मला करू द्या. सोमवारी कळवतो म्हणालेत.