एजीव्ही वाढवले तरी क्वे क्रेनच्या मूव्ह का वाढत नाहीत?

प्रश्न
ऑटोमेटेड कंटेनर टर्मिनलचं सिम्युलेशन करतोय. रचना साधारण रॉटरडॅमच्या युरोमॅक्स टर्मिनलसारखी, म्हणजे धक्क्यावर जहाजात डबे (कंटेनर) चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या क्वे क्रेन, मधे एजीव्ही म्हणजे डबे वाहणाऱ्या ड्रायव्हरशिवायच्या गाड्या, मागे धक्क्याला काटकोनात यार्डचे, म्हणजे डबे रचून ठेवायचे, ब्लॉक आणि दर ब्लॉकवर एकाच रुळावर डबे रचणाऱ्या दोन स्टॅकिंग क्रेन. एका क्वे क्रेनमागे 4 चे 5 एजीव्ही केले तर क्वे क्रेनच्या तासाच्या मूव्ह (डब्यांच्या चढउतारी) वाढल्या, 6 ला जेमतेम, आणि 7 ला चक्क कमी झाल्या. कोड दोनदा तपासला, चूक सापडत नाहीये. कुठे बघू?

यार्डवाला
कोड बरोबरच असेल. एजीव्हीला स्वतःला डबा उचलता येत नाही ना, तो क्वे क्रेनखाली थांबणार, मग ब्लॉकच्या तोंडाशी जाऊन स्टॅकिंग क्रेनसाठी परत थांबणार, म्हणजे गाड्या वाढवल्या की रांगच वाढते. आधी एका फेरीत चालण्याचा वेळ किती न् थांबण्याचा किती ते वेगळं काढा. मग ब्लॉकच्या तोंडाशी रॅक ठेवून लिफ्ट एजीव्ही टाकून बघा, तो डबा रॅकवर ठेवून लगेच निघतो. ब्रिस्बेनला 2005 पासून ड्रायव्हरशिवायचे स्ट्रॅडल कॅरिअर (डब्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहणाऱ्या उंच गाड्या) आहेत, ते तर जमिनीवरूनच डबा उचलतात.

रांगेतला
स्टॅकिंग क्रेनला सरासरी वेळ टाकलाय का? तसं करू नका, हवा असलेला डबा खाली अडकला की वरचे हलवावे लागतात आणि त्या एका मूव्हला कितीतरी जास्त वेळ जातो, सगळी रांग तिथेच तुंबते. शिवाय एका रुळावरच्या दोन क्रेन एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, जहाजाकडची अडकली तर ट्रककडची मदतीला पुढे येऊ शकत नाही. हॅम्बुर्गच्या आल्टेनवेर्डरला (2002) म्हणूनच लहानमोठ्या क्रेन आहेत, वेगळ्या रुळांवर, मोठीच्या खालून लहान निघून जाते. मला ती कल्पना फारच आवडते.

क्रॉसिंग
7 ला कमी होतायत ते बहुतेक रस्त्यामुळे. एजीव्ही पुढचा तुकडा रिझर्व्ह करतो, तो मिळेपर्यंत मागचा सोडत नाही, मग चार गाड्या गोल अडकतात. पूर्ण डेडलॉक नसला तरी वेग पडतोच.

प्रश्नकर्ता
मोजलं. निम्म्याहून जास्त वेळ ब्लॉकच्या तोंडाशीच जातोय, आणि हो, सरासरीच टाकली होती. आता वरचे डबे हलवण्याचा वेळ धरून 5 एजीव्हीवर रन लावलाय, रॅक त्यानंतर.