संगणकीय रुग्णनोंदी आणि सहकार्य: नोंद कोणी उघडली यावरून एकत्रित कामाचे माप काढता येते का?

प्रश्न | आरोग्यसेवा संशोधक, फोंडा

रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर गेल्या की डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या एकमेकांशी चालणाऱ्या कामात काय बदल होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. गोव्यातील एका इस्पितळात मी काही आठवडे वॉर्डात बसून निरीक्षण केले. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांनी सांगितले की, पूर्वी राउंडला डॉक्टर खाटेजवळचा केसपेपर हातात घेत, तेव्हा शेजारी उभ्या परिचारिकेला दोन गोष्टी सांगण्याची संधी आपोआप मिळे. आता डॉक्टर आपल्या खोलीतून नोंद करतात, परिचारिका ती काउंटरवर वाचते आणि औषधनिर्मात्यापुढे केवळ औषधांची यादी येते. अक्षर न लागल्यामुळे होणाऱ्या चुका टळल्या, हा लाभ मोठाच आहे. मात्र कोणती नोंद कोणी, केव्हा उघडली याचा माग प्रणाली ठेवते. तो माग सहकार्याचे माप मानावा का?

उत्तर १ | परिचारिका, म्हापसा

माझ्या अनुभवाने तरी मानू नये. उघडलेली नोंद वाचली गेलीच असे नाही, आणि वाचलेल्या नोंदीवर कोणी विचार केला असेही नाही. मी पूर्वी काम करत होते त्या ठिकाणी आदल्या दिवशीची टिपणे तशीच चिकटवण्याची सवय पडली होती. एका वृद्ध रुग्णाने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, तरी नोंदीत ‘भूक चांगली’ असेच पुढे पुढे जात राहिले. परिचारिकांच्या फॉर्ममध्ये रक्तदाब, नाडी, तापमान यांचे रकाने होते. रुग्ण जेवत नाही आणि रात्रभर मुलीची वाट पाहतो, हे लिहायला जागा नव्हती. शेवटी मी डॉक्टरांना गाठून तोंडी सांगितले आणि त्यांनी लगेच लक्ष घातले. आपल्या मागात हे संभाषण कुठेच सापडणार नाही, पण त्या दिवशीचे खरे सहकार्य तेवढेच होते.

उत्तर २ | सामुदायिक आरोग्य विभागातील डॉक्टर, पणजी

सिस्टरांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये समस्याकेंद्री नोंदीची कल्पना मांडली. ज्याने त्याने आपल्या पदाच्या स्वतंत्र कागदावर लिहिण्याऐवजी, रुग्णाच्या एकेका समस्येखाली संबंधित सर्वांची माहिती यावी, हा तिचा गाभा होता. आपल्या बहुतेक प्रणाली मात्र बिल आणि अहवाल यांच्या सोयीने रचलेल्या दिसतात. वेळेचा भारही विसरू नये: अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७ डॉक्टरांच्या निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी व टेबलावरच्या कामात जात असल्याचे आढळले. एवढे टंकलेखन केल्यावर बोलायला उसंत कुठून मिळणार?

आपल्याच राज्यातील ‘मानस’ हा मानसिक आरोग्यसेवेचा प्रयोग मुद्दाम पाहावा. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षित समुपदेशक, प्राथमिक स्तरावरील डॉक्टर आणि भेटीला येणारे मनोविकारतज्ज्ञ यांची कामे आधीच वाटून दिलेली होती. सरकारी आरोग्यकेंद्रांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. कोणी कोणाला काय कळवायचे हे ठरलेले असेल तरच नोंद उपयोगी पडते. आभाचा (रुग्णाच्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य खात्याचा) १४ अंकी क्रमांक वाळपईच्या रुग्णाची माहिती बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोहोचवण्यास मदत करू शकेल, परंतु तिथे ती कोणी वाचायची, हे तो क्रमांक ठरवत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचीही ऋणी आहे. आता मी मागापासून सुरुवात करण्याऐवजी माहितीचा एकेक तुकडा धरून त्याचा प्रवास तपासणार आहे. उदाहरणार्थ, एखाद्या रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे प्रथम कोणाला कळले, ते कुठे लिहिले गेले, फोनवर कोणाला सांगितले आणि औषध देणाऱ्या हातापर्यंत ते वेळेत पोहोचले का, हे पाहीन. प्रणालीतील माग त्यात एक पुरावा असेल, निकाल नव्हे. शिवाय त्या मागात कर्मचाऱ्यांचीही वैयक्तिक माहिती असते. म्हणून ती कोणाच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्यासाठी वापरली जाणार नाही, अशी लेखी हमी प्रशासनाकडून मिळाल्याशिवाय मी ती मागणार नाही.