यानिसचं पहिलं वर्ष आठवा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये नव्याने आलेल्या खेळाडूबद्दल तुम्ही म्हणता, "पहिल्या मोसमात सामन्यामागे सरासरी सात गुणही नाहीत, म्हणजे निवड फसली". हे काही पटलं नाही बुवा. यानिस आंटेटोकुंपोचं काय झालं होतं? २०१३च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मिलवॉकी बक्स संघाने त्याला १५व्या क्रमांकावर उचललं, तेव्हा पोरगं १८ वर्षांचं, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळलेलं. पहिल्या वर्षी सरासरी ६.८ गुण, आणि संघ ८२ पैकी जेमतेम १५ सामने जिंकला.

त्याच मोसमातला किस्सा. होते नव्हते तेवढे पैसे त्याने घरी पाठवून दिले आणि टॅक्सीपुरतेही खिशात उरले नाहीत. मग मिलवॉकीच्या थंडीत, अंगात पातळ जाकीट, गडी स्टेडियमकडे चक्क पळत सुटला! (सामना होता हो त्या दिवशी.) वाटेत एका जोडप्याने ओळखलं आणि गाडीत घेतलं.

पुढच्या तीन वर्षांत सरासरी १२.७, १६.९, २२.९ गुण. मधे प्रशिक्षक जेसन किडने एवढ्या उंच पोराच्या हाती चेंडू देऊन खेळ रचायला त्यालाच लावलं. माझ्या मते खरी कलाटणी ती. २०१९ला एमव्हीपी (लीगमधला मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, म्हणजे सहाव्या मोसमात. तुम्ही पहिल्याच वर्षी निकाल लावून मोकळे!