संदर्भबिंदू: वस्तुमानकेंद्र की जमिनीवरचा बिंदू?

असे म्हटले जाते की, फिरणाऱ्या वस्तूसाठी कोनीय संवेग (एखाद्या बिंदूभोवतीच्या फिरण्याचे माप) नेहमी वस्तुमानकेंद्राभोवतीच, म्हणजे जेथे सारे वस्तुमान एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूभोवतीच, मोजावा. हे सरसकट मान्य करता येणार नाही. सांगलीत बारावीच्या मुलांना मी एक साधा प्रयोग दाखवतो. वर्गातल्या शहाबादी फरशीवर भरीव चेंडू न फिरवता नुसता घसरत सोडायचा. थोडे अंतर तो घसरतो आणि मग लोळू लागतो. येथे वस्तुमानकेंद्र निवडले, तर घर्षणाचे आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम) शून्य नसते आणि कोनीय संवेग अक्षय्य राहत नाही. उत्तर तरीही निघते, पण दोन समीकरणे मांडून. उलट, ज्या रेषेवरून चेंडू जातो त्या रेषेवरचा, फरशीला खिळलेला कोणताही बिंदू घेतला, तर घर्षण त्याच रेषेतून जाते, वजन आणि अभिलंब प्रतिक्रिया (फरशीने चेंडूला वर ढकलणारे बल) यांची आघूर्णे एकमेकांना रद्द करतात आणि mv₀R = mvR + (2/5)mRv (m वस्तुमान, R चेंडूची त्रिज्या, v₀ सुरुवातीचा वेग, v लोळतानाचा वेग) यावरून v = 5v₀/7 हे एका ओळीत मिळते; म्हणजे 7 मीटर प्रति सेकंद वेगाने सोडलेला चेंडू अखेरीस 5 ने लोळतो. घर्षणांक (फरशी किती घर्षण देते याचे माप) किती, हे विचारायचीही गरज पडत नाही!

मात्र हा बिंदू चेंडूबरोबर सरकणारा स्पर्शबिंदू समजू नये. घसरताना तो मंदावत असतो, त्यामुळे वस्तुमानकेंद्रावर आभासी बल (मंदावणाऱ्या बिंदूवरून पाहताना जोडावे लागणारे बल) धरावे लागते आणि त्याचे आघूर्ण maR इतके उरते (a म्हणजे मंदावण्याचा दर). बहुतेक विद्यार्थी येथेच अडखळतात.

बिजागरीच्या दाराचे गणित तुलनेने सरळ आहे: आघाताच्या क्षणी बिजागरीचे बल अज्ञात असते, म्हणून अक्ष तेथूनच घ्यावा, म्हणजे त्या बलाचे आघूर्ण शून्य होते.