पार्किन्सन: दिवसा प्रोटीन बंद, रात्री भरपूर. हे प्रत्येकालाच सांगावं का? (एक चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सांजवेळ

पार्किन्सनमध्ये काय खावं, काय टाळावं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: समतोल आहार घ्या, पालेभाज्या खा, पाणी भरपूर प्या. यात चूक काहीच नाही, पण दुपारी जेवल्यावर ज्याचे पाय दोन-दोन तास जमिनीला चिकटून राहतात त्याच्या पदरात यातून काय पडतं?

माझं मत स्पष्ट आहे. लिव्होडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी; मेंदूत तिचं डोपामिन होतं, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन) सुरू झाली की पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला प्रोटीनची वाटणी शिकवावी. लिव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्लच. लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तात शिरायला ते ज्या वाहकांवर अवलंबून असतं, तेच वाहक ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फिनाइलअलानिन वगैरेंनाही लागतात. ही सगळी मंडळी प्रोटीन पचून तयार होतात. रक्तातून मेंदूत जाताना पुन्हा तीच रेटारेटी. गोळी वेळेवर घेऊनही वाया जाते ती अशी.

म्हणून रात्रीच्या जेवणापर्यंत एकूण प्रोटीन ७ ग्रॅमच्या आसपास ठेवायचं आणि उरलेलं सगळं रात्री घ्यायचं. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. २५० मिली दुधात ८, म्हणजे दिवसभराचा कोटा तिथेच संपला. भात, फळं, भाज्या, कंदमुळं दिवसा. दूध, अंडी, पनीर, डाळी, मासे, चिकन रात्री.

मोजमाप

प्रत्येकाला आणि तेही पहिल्या दिवसापासून? साफ असहमत.

आजाराच्या सुरुवातीच्या काळात मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून वापरतात. एखादा डोस कमी शोषला गेला तरी फरक जाणवत नाही. ऑन-ऑफचे चढउतार (गोळी लागू असते तो काळ ऑन, असर उतरतो तो ऑफ) पुढे येतात, आणि ते असलेल्यांतही सगळ्यांनाच प्रथिनं बाधतात असं नाही. बाकीच्यांना विनाकारण उपाशी ठेवून मिळणार काय?

आता तुमचाच हिशोब पुढे नेऊ. वजन ६० किलो. किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम धरलं तर दिवसाला ४८ ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. दिवसभरात ७ घेतली की रात्रीच्या एका जेवणात ४१ ते ५३ उरतात. म्हणजे शिजवलेलं चिकन १०० ग्रॅम (साधारण २७-३०) आणि वर शिजलेली डाळ २०० ग्रॅम (साधारण १८). ज्याचं पोट मंदावलंय, ज्याला एक घास चावायला मिनिटभर लागतं, तो रात्री एका बैठकीत एवढं खाणार? खात नाही. दिवसभरातलं कमी होतं, रात्रीचं वाढत नाही. एकूण तीसेक ग्रॅमवर गाडी थांबते आणि काही महिन्यांत मांड्या बारीक होतात. मग पडणं आणि हाड मोडणं ओघानं आलंच.

आधी साधी गोष्ट करा. गोळी जेवणाआधी ३० मिनिटं किंवा जेवणानंतर किमान तासाभरानं, आणि ग्लासभर पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रथिनं तिन्ही जेवणांत सारखी वाटा. रात्रीवर ढकलणं हा त्यानंतरचा उपाय.

सांजवेळ

अंतर ठेवणं कागदावर छान दिसतं. गोळ्या दर तीन तासांनी असतील तर? ७, १०, १, ४, ७. जेवणानंतरचं अंतर फक्त तासाचं धरलं तर सकाळी साडेसात ते नऊ एवढी खिडकी मिळते. पण मांसाहाराचं किंवा पनीरचं भरपेट जेवण तासाभरात पोटातून पुढे सरकत नाही, त्याला दोन तास द्यावे लागतात. मग उरतो साडेसात ते आठ असा अर्धा तास, आणि हात थरथरणाऱ्या माणसाला जेवायलाच पाऊण तास लागतो. शेवटी लोक गोळी पुढे ढकलतात, जे सगळ्यात वाईट.

अर्धाकप

दोघंही एक पायरी गाळताय. जेवल्यावर गोळी लागली नाही म्हणजे प्रोटीननंच अडवली, हे ठरवलं कुणी? पार्किन्सनमध्ये पोट रिकामं व्हायलाच वेळ लागतो. तळकट आणि भरपेट जेवणानं तो आणखी वाढतो, बद्धकोष्ठता असेल तर विचारूच नका. गोळी आतड्यात पोचलीच नाही तर वाहकांच्या भांडणाचा प्रश्न येतो कुठे?

ओळखायची रीत सोपी आहे. तीन-चार दिवस दर अर्ध्या तासाला ऑन, ऑफ किंवा नको असलेली वळवळ (डिस्कायनेशिया) यातलं काय ते लिहा. शेजारी गोळीची वेळ आणि खाल्लेलं. एरवीचाच डोस, एरवीच्याच वेळी. बदलायचं फक्त खाणं. मग असं वाचा:

– रिकाम्या पोटी आणि हलक्या, कमी प्रोटीनच्या खाण्यानंतर गोळी लागते, पण अंडी-पनीर-मांसानंतर लागत नाही: प्रोटीनचा संशय पक्का.
– तळलेल्या बटाट्यानंतरही उशीर होतो: पोटाचा प्रश्न. तेल-तूप आणि जेवणाचा आकार कमी करा, प्रोटीनला हात लावू नका.
– रिकाम्या पोटीही लागत नाही: आहाराचा विषय संपला, हा कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

नुकतीच गोळी सुरू झालेल्यांना मळमळ होते. त्यांनी रिकाम्या पोटाचा हट्ट धरू नये. केळं किंवा दोन साधी बिस्किटं चालतात.

मुळापासून

गोळ्यांची एवढी सर्कस कशाला? खाजकुहिलीच्या बियांत निसर्गानंच लिव्होडोपा घातलेलं आहे. बाकल्याच्या (फावा बीन्स) शेंगांतही आहे. आणि दुधामुळे पार्किन्सनचा धोका वाढतो असं संशोधन असताना इथे रात्री दूध प्या म्हणून सांगताय. सेलेजिलिन (पार्किन्सनचंच आणखी एक औषध) घेणाऱ्यांना चीज तर विषच.

मोजमाप

मुळापासून, खाजकुहिलीत लिव्होडोपा असतं हे खरंच. अडचण पुढे आहे. कोणत्या बियांत, कोणत्या पुडीत किती, याचा भरवसा नाही. शिवाय सोबत कार्बिडोपा (लिव्होडोपा वाटेतच वाया जाऊ न देणारं, तिच्या जोडीला दिलं जाणारं औषध) नसतं, त्यामुळे बरंचसं लिव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच शरीरात डोपामिन बनतं. मळमळ होते, रक्तदाब घसरतो. गोळ्या चालू ठेवून वरून ही पूड घेतली तर डोस दुप्पट झाला की दीडपट हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही, वळवळ तेवढी वाढेल. बाकल्याचं आणखी एक: ज्यांच्यात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी त्यानं फुटतात.

दुधाबद्दलचे ते अभ्यास आजार नसलेल्या लोकांवरचे आहेत. पुढे कुणाला आजार झाला एवढं त्यांत पाहिलंय. आजार झालेल्याचं दही बंद केल्यानं तब्येत सुधारते असं त्यातून निघत नाही. बंद करायचंच तर कॅल्शियम आणि प्रथिनं दुसरीकडून भरा.

चीजबद्दल: सेलेजिलिन किंवा त्याच गटातली रासाजिलिन सांगितलेल्या डोसमध्ये घेणाऱ्यांना सहसा वेगळं पथ्य लागत नाही. महिनोन्महिने मुरवलेलं, उग्र वासाचं चीज भरपूर खाऊ नये, इतकंच. सेलेजिलिन दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर गेली तर मात्र गणित बदलतं. खरी टाळायची जोडी वेगळीच आहे, लोहाची गोळी आणि लिव्होडोपा. लोह तिला बांधून ठेवतं, दोन्हींत किमान दोन तास हवेत. केळ्यातल्या बी-६ जीवनसत्त्वानं गोळीचा असर कमी होतो ही भीती मात्र जुनी झाली. ती कार्बिडोपाशिवाय लिव्होडोपा देत त्या काळातली.

आणि पावडरी-कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी: क्रिएटिन आणि को-एन्झाइम क्यू-१० या दोन्हींच्या मोठ्या चाचण्या फायदा दिसत नाही म्हणून मध्येच थांबवल्या गेल्या.

घासभर

प्रोटीनवरून इतकी जुंपलीय, पण रोजच्या जेवणात जीवावर बेतू शकतं ते गिळणं. त्याबद्दल अजून एक ओळ नाही.

पातळ आणि घट्ट एकाच घासात असलेले पदार्थ सगळ्यात फसवे: तुकडे घातलेलं सूप, दुधातले कॉर्नफ्लेक्स, रसाळ फोडी. द्रव आधी घशात सरकतो आणि तुकडा चावणं चालूच असतं. भुरभुरीत, कोरडे पदार्थही तसेच. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येत असेल तर ठसका लागत नसला तरी तपासणी करून घ्या. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत उतरतं. पाणी घट्ट करायची पावडर मनानं सुरू करू नका. किती घट्ट हवं हे तपासणीनंतर ठरतं, आणि फार घट्ट पाण्यातून दिलेली गोळीही उशिरा लागू शकते. ताठ बसून जेवा, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका. जेवण ऑन असताना हवं, म्हणजे गोळी आधी आणि घास नंतर. इथे मी मोजमाप यांच्या बाजूची.

सांजवेळ, तुमच्या दिवसाच्या ताटात भात, बटाटा, फळं हेच उरतं. नुसत्या पिष्टमय पदार्थांच्या मोठ्या जेवणानं रक्तदाब पडतो, आणि पार्किन्सनमध्ये तो आधीच उभं राहताना पडत असतो. जेवून उठताना चक्कर येणाऱ्याला तुमचा तक्ता देणं धोक्याचं.

बद्धकोष्ठतेसाठी चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगतं आणि गोळीला आणखी उशीर. इसबगोल घ्यायचा तर पूर्ण ग्लासभर पाण्यात आणि लगेच प्यायचा. गिळायला त्रास असलेल्यानं अजिबात नको, घशातच गोळा होतो.

सांजवेळ

रक्तदाबाचा मुद्दा मान्य. दिवसाची जेवणं लहान करून पाच-सहा वेळा विभागता येतील. पहिल्या दिवसापासूनचा हट्टही सोडतो. पण अर्धाकप यांच्या कागदावर प्रोटीनचा संशय पक्का झाला तर मात्र मी मागे हटणार नाही. अशा माणसाला तीन जेवणांत सारखी वाटणी करून दिली म्हणजे दिवसातून तीनदा ऑफ वाटून दिला. दोन आठवडे रात्रीची पद्धत करून बघायला काय हरकत आहे? दर आठवड्याला वजन करा.

मोजमाप

हरकत नाही, पण अटी घालून. आधीच वजन कमी असेल, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाशिवाय नाही. महिन्यात वजन ५ टक्के घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर पद्धत तिथेच बंद. आणि डॉक्टरला आधी सांगून सुरू करा, कारण ती लागू पडली तर तेवढ्याच गोळ्या जास्त पोचतील आणि वळवळ वाढेल. मग डोस कमी करावा लागतो. तो आपल्या मनानं कमी करायचा नाही.

अर्धाकप

यात रात्र धरा. प्रोटीन रात्री आठला घेतलं तर झोपतानाची गोळी त्यातच अडकते. अंथरुणात कूस वळत नाही, बाथरूमला उठणं अवघड होतं. सांजवेळ यांची पद्धत करणाऱ्यांनी जेवण साडेसहा-सातला आणा, आणि अर्ध्या तासाच्या नोंदी रात्री जाग येईल तेव्हाही करा. फक्त दिवसाच्या नोंदी घेऊन गेलात तर डॉक्टरला सगळं छान चाललंय असंच दिसेल.