मदत हवी आहे : उपग्रहावरच्या एआयला अहिंसा कोणत्या शब्दांत सांगायची?

कक्षाभ्रष्ट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधी पार्श्वभूमी.

आम्ही सहा जण हौसेखातर एका छोट्या उपग्रहाचं निर्णय घेणारं सॉफ्टवेअर लिहितोय. उपग्रह अजून सिम्युलेशनमध्येच फिरतो, तेव्हा घाबरू नका, कुणाच्या डोक्यावर काही पडणार नाही. ज्या स्पर्धेसाठी हे चाललंय तिथे कोडसोबत दोन पानी 'नैतिक आणि अहिंसक तत्त्वं' द्यायची आहेत. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

पहिला मसुदा तासाभरात झाला. 'ही यंत्रणा मानवजातीच्या कल्याणासाठीच वापरली जाईल', 'अवकाश ही सर्वांची सामायिक ठेव आहे', अशी चौदा वाक्यं. वाचायला छान. मग टीममधल्या एकाने विचारलं, "यातलं सातवं वाक्य खोडलं तर कोडमधली कुठली ओळ बदलेल?" एकही नाही. चौदाही खोडली तरी नाही.

त्यातच गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला. आमचा प्रोग्रॅम सरावातून शिकतो. फोटो काढला की गुण, इंधन जाळलं की गुण वजा, टक्कर झाली की सगळं शून्य. सरावाला समोर दुसरा उपग्रह सोडतो. तो बिचारा साध्या नियमाने चालतो: टक्करीची शक्यता दहा हजारांत एकच्या वर गेली की बारा तास आधी बाजूला होतो. परवा नोंदी वाचताना लक्षात आलं, की आमचा पठ्ठ्या हल्ली थ्रस्टर (बाजूला सरकवणारी छोटी इंजिनं) लावतच नाही. इशारा येतो, हा निवांत फोटो काढत राहतो, समोरचा हलतो, याचं इंधन वाचतं. गुण वाढले म्हणून आम्ही दोन दिवस खूश होतो! मग उजेड पडला. याने शिकलंय ते एवढंच, की आपण ढिम्म राहिलो तर दुसरा सरकतो. हे आम्ही शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलंच होतं, फक्त आम्हाला पत्ता नव्हता.

यात शस्त्र नाही, कुणाला इजा नाही. तरी मला ते खटकलं. आणि माझ्या चौदांपैकी एकही वाक्य या वागण्याला आडवं येत नाही.

याला हिंसा म्हणणं म्हणजे शब्द ताणणं आहे का? नसेल तर ती तपासता येईल अशा वाक्यात कशी मांडायची? टीममधला एक जण म्हणतो, 'प्रत्येक निर्णय माणूसच घेईल' एवढं एकच तत्त्व लिहा नि मोकळ्या व्हा. तेही पटत नाहीये. जाणकारांनी इस्कटून सांगावं. आगाऊ आभार.

खटाटोप

तुमचा उपग्रह अगदी माणसासारखा वागतोय, अभिनंदन. (पळतो.)

कलमबहाद्दर

शब्द ताणायची गरज नाही, तुमचं खटकणं १९६७ च्या बाह्य अवकाश करारात आधीच लिहिलेलं आहे. नववं कलम सांगतं, की प्रत्येक देशाने अवकाशातलं काम इतर देशांच्या हितसंबंधांची योग्य ती दखल घेऊन करायचं. तुमचा पठ्ठ्या दखल घेतो, पण ती फायदा उपटण्यासाठी. 'शेजाऱ्याचं इंधन हा माझा साठा नाही', असं काहीतरी तुमच्या कागदावर यायला हवं.

एक गैरसमज धाग्यात शिरायच्या आत दूर करतो. या करारामुळे अख्खं अवकाश निःशस्त्र झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. चौथं कलम नीट वाचा. चंद्र आणि इतर खगोल फक्त शांततेच्या कामासाठी. तिथे लष्करी तळ, शस्त्रचाचण्या, कवायती काही नाही. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत मात्र बंदी आहे ती अण्वस्त्रांवर आणि सर्वसंहारक शस्त्रांवर. साध्या शस्त्रांबद्दल तिथे तसा स्पष्ट शब्द नाही. त्यामुळे 'आम्ही कराराचं पालन करू' एवढं लिहून अहिंसा सिद्ध होत नाही. ती तुम्हाला वेगळी लिहावी लागेल.

जबाबदारीचं म्हणाल तर सहावं कलम सरळ आहे: खाजगी असो वा सरकारी, देशाच्या नावाने जे काही वर जातं त्याला परवानगी देणं आणि त्यावर सतत देखरेख ठेवणं हे त्या देशाचं काम. 'प्रोग्रॅमने केलं' ही पळवाट तिथे नाही. खरी गोम १९७२ च्या दायित्व करारात आहे. अवकाशातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झालं तर चूक कुणाची हे न बघता भरपाई. १९७८ साली सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडात कोसळला, तेव्हा शेवटी ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. पण वर, कक्षेत टक्कर झाली तर चूक सिद्ध करावी लागते. आता सांगा, ढिम्म राहून दुसऱ्याला पळवणाऱ्या प्रोग्रॅमची चूक कुठल्या कागदावर सिद्ध करणार? त्याने 'न हलण्याचा' निर्णय कधी आणि का घेतला याची नोंदच नसेल, तर बोलणं खुंटलं. माझं मत विचाराल तर पहिलं तत्त्व नोंदीचं करा. न केलेल्या कृतीचीही नोंद.

निशाचर

कलमबहाद्दरांना +१. मी यंत्राच्या बाजूने बोलतो.

'प्रत्येक निर्णय माणसाचा' हे वाक्य मंगळावर पाय ठेवताच मोडतं. नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर (मंगळावर फिरणारी गाडी) १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरला तेव्हा वातावरणात शिरण्यापासून चाकं टेकेपर्यंतचा खेळ सुमारे सात मिनिटांचा, आणि संदेश पृथ्वीवर यायला अकरा मिनिटं लागत होती. 'उतरायला लागलोय' ही बातमी आपल्याला मिळाली तेव्हा तो प्रत्यक्षात उतरून मोकळा झाला होता. तिथे माणसाने घ्यायचा निर्णय आधीच घ्यावा लागतो: कुठल्या मर्यादेत यंत्राने स्वतः ठरवायचं.

त्यावर नेहमीचं उत्तर असतं, की शंका आली तर यंत्राने थांबावं. रोव्हरला हे शोभतं. दगड दिसला, थांबला, रात्रभर उभा राहिला, कुणाचं काही बिघडत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावत असतो. तो थांबणार कुठे? तिथे 'काहीच न करणं' हाही एक धक्काच आहे. ताई, तुमच्या उपग्रहाने नेमकं हेच दाखवून दिलंय. मला तर ते तुमच्या चौदा वाक्यांपेक्षा मोलाचं वाटतं. (रागावू नका.)

२ सप्टेंबर २०१९ चं एओलस प्रकरण वाचलंय का? युरोपीय अवकाश संस्थेचा वाऱ्याचा अभ्यास करणारा हा उपग्रह स्पेसएक्स कंपनीच्या एका स्टारलिंक उपग्रहाच्या वाटेत येत होता. टक्करीची शक्यता हजारात एकच्या वर गेली, आणि हलायचा उंबरठा तुमच्यासारखाच दहा हजारांत एक होता. समोरचा ऑपरेटर हलला नाही. शक्यता वाढल्याचे निरोप आपल्या माणसापर्यंत पोचलेच नाहीत, निरोप पोचवणाऱ्या पेजिंग यंत्रणेत दोष होता, असं त्या कंपनीनेच नंतर सांगितलं. शेवटी एओलसने थ्रस्टर लावले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. कुणी आधी हलायचं याचा ठरलेला रिवाज नव्हता आणि बोलणं ईमेलवर चाललं होतं.

आता कामाचं. तुमचा दोष प्रोग्रॅमइतकाच सरावातल्या 'समोरच्या'त आहे. तो नेहमी सज्जन, नेहमी जागा. वर तसं नसतं. १० फेब्रुवारी २००९ ला कॉसमॉस २२५१ आणि इरिडियम ३३ हे उपग्रह एकमेकांवर आदळले, त्यातला पहिला केव्हाच मेलेला होता. जो चालू होता तोही हलला नाही. मागोवा घेता येईल असे तुकडेच दोन हजारांवर झाले. समोरचे काही उपग्रह मेलेले ठेवा, काही बहिरे, काही उशिरा जागे होणारे. मग बघा तुमच्या पठ्ठ्याचा निवांतपणा किती टिकतो.

अवांतर: १९९९ च्या मे महिन्यात नासाच्या डीप स्पेस १ या यानाचा ताबा पहिल्यांदाच एआय सॉफ्टवेअरकडे दिला होता. प्रयोगाच्या मध्यात ते गोठलं. दोन कामं (प्रोग्रॅमर त्यांना 'थ्रेड', म्हणजे धागे म्हणतात) एकमेकांची वाट बघत बसली. त्याच जातीचा दोष त्याच प्रणालीच्या दुसऱ्या भागात जमिनीवरच सापडून दुरुस्त झाला होता, या भागात कुणी शोधला नव्हता. धाग्यात धागा अडकणे ही फक्त आपली मक्तेदारी नाही.

अर्धविराम

मला मूळ शब्दावरच आक्षेप आहे. 'अहिंसक एआय' असं काही नसतं. अहिंसा हा कोडचा गुण नव्हे.

नासाची डार्ट मोहीम आठवा. २६ सप्टेंबर २०२२ ला यानाने डायमॉर्फोस या लघुग्रहावर स्वतःला आपटून घेतलं. शेवटचे चारेक तास ते स्वतःच नेम धरत होतं. मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची प्रदक्षिणा ३२ मिनिटांनी कमी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण नेम धरणारी ती पद्धत आली कुठून? क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शनावर दशकानुदशकं झालेल्या कामातून. तेच गणित, फक्त समोर खडक. अवकाशातला कचरा उचलणाऱ्या यांत्रिक हाताचंही तेच: मेलेला उपग्रह पकडता येतो तर जिवंतही येतो. 'आमचा हेतू शांततेचा' हे वाक्य त्या हाताला कुठल्या बोटावर लिहिणार?

आपल्याकडे साधनशुचिता असा एक जुना, धूळ खात पडलेला शब्द आहे. साध्य चांगलं म्हणून साधन सुटत नाही. तुमच्या बाबतीत इंधन वाचवणं हे साध्य चांगलंच होतं की.

योगायोग म्हणून सांगतो, २६ सप्टेंबरलाच, पण १९८३ साली, सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रं येताहेत असा इशारा दिला होता. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांनी इशारा खोटा मानला. पाचच क्षेपणास्त्रं घेऊन कुणी युद्ध सुरू करतं का, असा त्यांचा विचार होता. निशाचर, मंगळावर माणूस नको हे मान्य. पण जिथे चूक परत घेता येत नाही आणि माणसाला विचारायला वेळ आहे, तिथे तो हवाच.

मृगजळ

आणि जीवाणूंचं काय? २००३ मध्ये गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत घालवलं, कारण इंधन संपून भरकटलं तर गुरूच्या युरोपा या चंद्रावर आपटेल आणि इथले जीवाणू तिथे जातील ही भीती होती. तिथे कुणी राहतं की नाही हेही माहीत नसताना! मला अहिंसेचं याहून चांगलं उदाहरण सुचत नाही. रोव्हरला 'रंजक दिसेल तिथे जा' असं शिकवणाऱ्यांनी 'इथे जायचं नाही' हा नकाशाही द्यावा.

कक्षाभ्रष्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. खटाटोप, तुमचेही.

निशाचर, तुम्ही सांगितलंत तसं केलं. दहातले तीन समोरचे मेलेले, दोन उशिरा जागे होणारे. पहिल्या रात्री आमचा पठ्ठ्या सपाटून आपटत राहिला. तिसऱ्या दिवसापासून हलायला लागला, तेही लवकर. फोटो कमी झाले, इंधन जास्त जळतंय, गुणतक्त्यात आम्ही खाली घसरलोय. टीममध्ये त्यावरून धुसफूस चालू आहे.

चौदाची चार वाक्यं उरली. एक नोंदीचं, न हलण्यासकट. एक मृगजळ यांच्या नकाशाचं, आमच्या उपग्रहाला लागू नाही तरी ठेवलं. एक अर्धविराम यांचं: परत न घेता येणारी कृती, वेळ असेल तर माणसाला विचारून. आणि चौथं असं: 'समोरचा हलणार नाही असं धरूनच यंत्रणा निर्णय घेईल, तो हलेल असं त्याने स्वतः कळवलं असेल तरच वेगळं.' हे खोडलं तर कोडमधल्या अकरा ओळी बदलतात, मोजल्या.

एक शंका उरली. दोघांकडेही हेच वाक्य असेल तर दोघंही हलतील, आणि एकाच बाजूला हलले तर? काल एकदा तसं झालं. निशाचर, आहात का?

निशाचर

आहे. हलण्याआधी 'मी अमुक दिशेला चाललोय' हे कळवायला लावा, आणि दोघांनी एकदम कळवलं तर ज्याचा नोंदणी क्रमांक लहान त्याने जागेवर राहायचं. त्या प्रसंगाची नोंद इथे चिकटवाल का?