पाटण तालुका: डोंगरावर खाणीसाठी दगड रोवलेत, जमीन वनाची की खासगी?

सातबाऱ्यावर खासगी नाव आहे, पण झाडी दाट. झाडं तुटायच्या आत नेमकं काय तपासावं?

उत्तर १
नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका. गट नंबरचे जुने फेरफार काढा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘वन’ शेरा किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 ची (खासगी वनावर निर्बंध घालणारं कलम) नोंद दिसते का पाहा. खासगी वन संपादन कायद्याने अशी वनं 30 ऑगस्ट 1975 ला शासनाकडे आली, पण अनेक ठिकाणी सातबारा दुरुस्तच झाला नाही. विक्री होते ती याच फटीतून. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, त्याला वन संवर्धन कायदा लागू झाला. 2023 च्या दुरुस्तीने यात बदल करून सरकारी नोंदीवर भर दिलाय, म्हणून जुनी नोंद हाती हवीच.

उत्तर २
परिवेश पोर्टलवर (केंद्राचं वन-पर्यावरण मंजुऱ्यांचं संकेतस्थळ) खाणीचा प्रस्ताव शोधा, नकाशा गट नंबरांशी जुळवा. सैद्धांतिक म्हणजे पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळाली म्हणून खाणीसाठी कुऱ्हाड चालवता येत नाही, अंतिम आदेश लागतो. तो निघाल्यावर हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपिलाला 30 दिवस. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60, पुढे दार बंद.

उत्तर ३
ग्रामसभेच्या ठरावात गट नंबर आणि क्षेत्र लिहाच. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर काही टिकत नाही.